तालुक्याचं कॉन्व्हेंट की गावातली अंगणवाडी?

लेकरू तीन वर्षांचं झालं की आमच्याकडे जून लागायच्या आधीच घरोघरी हाच विषय निघतो. तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकायचं की इथंच अंगणवाडीत? मी दोन्ही करून पाहिलं. मोठी मुलगी व्हॅननं नर्सरीत गेली, धाकटा गावातच राहिला. फी आणि इंग्रजी यांची तुलना तुम्ही कराच. मी इथं एकच गोष्ट मोजते: दिवसभरात लेकराला स्वतःच्या हातानं किती करू देतात.

मोठीची व्हॅन साडेसातला यायची. उशीर होईल म्हणून बूट मी घालायची, घासही मीच भरवायची. ती "मी, मी" म्हणायची आणि मी "उद्या" म्हणायची. वर्गात साडेतीन वर्षांच्या पोरीला वहीभर एबीसीडी गिरवायला लावत. या वयात बोटांची बारीक पकड पक्की झालेली नसते. ती माती मळून, शेंगा सोलून, डाळ निवडून येते. पेन्सिल दाबून हात दुखतो तेवढाच. तिच्या बाई मात्र प्रेमळ होत्या. गाणी शिकली, परक्या माणसाशी बोलायची भीड गेली, हे मी मान्य करते.

धाकटा अंगणवाडीत चालत जायचा. चपला स्वतः घालायचा, उलट्या घातल्या तरी कुणी हसायचं नाही. हात धुऊन पंगतीत बसायचा. तिथल्या आहारात ३ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत याचा नियम आहे. पण मला त्याहून मोठं वाटलं ते हे, की तो आपला आपण जेवायचा. सांडलं तर मदतनीस ताई फडकं त्याच्याच हातात द्यायच्या.

उणीवही सांगते. शिकवायला सेविकाताई एकट्या, त्यात रजिस्टरं, मोबाईलवर पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, मीटिंग. अशा दिवशी पोरं नुसती बसून राहतात. तुमच्या गावात असे दिवस महिन्यात किती येतात ते आधी विचारा. खोली लहान आहे, रंग उडालाय, एवढ्यावरून मात्र परत फिरू नका. १९४५ साली बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

कुठंही टाका, उरलेला दिवस घरचाच. आमच्या घरी अडचण आजीच्या मायेची होती. "आण इकडं, मी चारून देतो. उपाशी राहीन न माय लेकरू!" त्यांना अडवून उपयोग नव्हता. मग त्यांनाच धाकट्यासाठी पाण्याचा लहान गडवा शोधायला लावला आणि कपडे अडकवायला खाली खिळा ठोकून घेतला. आता आजीच शेजारणींना बोलावून दाखवतात, की पाणी हा स्वतः घेतो.

काही गोष्टींत मात्र लेकराची मर्जी चालत नाही. आमचं गाव कपाशीचं. फवारणीचं औषध कुलपातच हवं, आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवायचं नाही. विहिरीकडे एकट्यानं जायचं नाही. मे महिन्यात दुपारी अंगणात नाही.

दोघंही वावरात जात असाल, अंगणवाडी सुटल्यावर घरी कुणीच नसेल, तर व्हॅनचा विचार करावा लागेल, त्यात चूक नाही. पण शक्य असेल तर वर्षभर थांबा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय ६ वर्षं धरलं आहे, वेळ भरपूर आहे. आणि नाव घालण्याआधी दोन्ही ठिकाणी अर्धा तास मागे बसून या. कुणाचं तरी पाणी सांडेलच. तेव्हा फडकं कोण उचलतं, ते बघा.