१६ लिटरचा बॅटरी पंप: डिझाइन शिकणाऱ्यांनी उघडून बघावा असा

यवतमाळ, वाशीम, अमरावती, कोणत्याही तालुक्याच्या कृषी केंद्रात जा, दारातच फवारणीच्या पाठीवरच्या पंपांच्या खोक्यांची थप्पी दिसते. १६ लिटर, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर, सिंगल नाहीतर डबल मोटर, किंमत साधारण २,००० ते ३,५०० रुपये. नावं वेगळी, रंग वेगळे, पण उघडलं की आत जवळपास एकच यंत्र. म्हणून हे परीक्षण कुण्या एका कंपनीचं नाही, या जातीच्या पंपाचं आहे. आणि ते मुख्यतः इंडस्ट्रियल डिझाइन शिकणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. ‘बाजारातली एक वस्तू घेऊन तिचा अभ्यास करा’ असं वर्गात सांगितलं की निम्मे जण मिक्सर उचलतात, आणि घरी कोठ्यात पंप टांगलेला असतो.

आधी चांगलं ते. आतली डायफ्रॅम मोटर (रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारी) या किमतीत खरोखर कामाची आहे. खटका सोडला की दाब वाढतो, प्रेशर स्विच मोटर बंद करतो. खटका दाबला की परत चालू. हापसायची कटकट गेली, त्यामुळे एक हात मोकळा झाला. मोटर जळाली तर सुटी मिळते आणि चार स्क्रू काढून बसते. मात्र नोझल अर्धं तुंबलं की मोटर थांबून थांबून टकटक करायला लागते. स्विच सारखा चालू-बंद होत असतो आणि त्याचे संपर्कबिंदू जळतात. आवाज आला की थांबून जाळी धुवायची. तोंडाने फुंकायचं नाही, हे सांगावं लागतं कारण वावरात सर्रास तेच चालतं.

टाकी ब्लो मोल्डिंगची, म्हणजे तापलेलं प्लास्टिक साच्यात हवेने फुगवून केलेली. मधली शिवण बोटाला लागते, आणि तापलेलं प्लास्टिक कोपऱ्यात जास्त ताणलं गेल्यामुळे तिथे भिंत पातळ असते. तडा बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यातच जातो. बॅटरीचा तळकप्पा इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून केलेला), स्क्रू थेट प्लास्टिकच्या खुंटीत पिळलेले. दोन-चारदा उघडलं की खुंटी फाटते. दुरुस्त करता येईल असं यंत्र आणि दुरुस्तीला न टिकणारा कप्पा, असा हा मामला.

खरं दुखणं सुरू होतं ते पंप पाठीवर गेल्यावर. रिकामा पंप ६ किलोच्या आसपास, त्यात अडीच किलोची बॅटरी. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो. एकूण २२ किलो दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर लटकतं. कमरेला पट्टा नाही, सगळा भार खांद्यावर. त्यात बॅटरी तळाशी, त्यामुळे पाणी संपत जाईल तसं वजन खाली आणि मागे सरकतं, आणि माणूस पुढे वाकतो. जमिनीवर ठेवताना तळाचं वजन सोयीचं, पाठीवर तेच गैरसोयीचं. पंप कुठे उभा राहतो याचा विचार झाला, कुणाच्या पाठीवर बसतो याचा झाला नाही.

वाकलं की झाकण बोलायला लागतं. झाकणात हवा आत घेणारी छोटी रबरी झडप असते. ती कडक झाली किंवा गोल वॉशर खाचेतून सुटलं की द्रावण मानेवर आणि पाठीवर झिरपतं. ओला सदरा अंगावर घेऊन माणूस दिवसभर चालतो आणि औषध कातडीतून आत जातं. परीक्षा सोपी आहे: साधं पाणी भरून झाकण लावा, पंप ४५ अंशात कोरड्या कागदावर एक मिनिट तिरपा धरा. कागद भिजला तर तो पंप घेऊ नका.

पाणी भरणाऱ्या बाईकडे तर कुणी बघितलेलंच नाही. बरेचदा गडी पंप उतरवत नाही. टिपाडातून बादली भरून ती त्याच्या खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून ओततात. तोंड अरुंद, जाळी उथळ, पाणी उसळून दोघांच्याही अंगावर. टाकीवरच्या लिटरच्या खुणा टाकीच्याच रंगाच्या, नुसत्या उठावाच्या. उन्हात त्या दिसत नाहीत, पाठीवर तर प्रश्नच नाही.

या खुणा दिसतात त्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. गावात औषधाचा हिशेब पंपामागे चालतो, ‘पंपाला एक झाकण’ असा, म्हणजे टाकीमागे औषधाच्या बाटलीचं एक झाकण. १५ लिटरवर बसलेला हिशेब २० लिटरच्या टाकीत गेला की द्रावण २५ टक्के पातळ होतं, मग अळी मरत नाही आणि पुढच्या वेळी दोन झाकणं पडतात. खरं मोजमाप असं: नोझल मोजपात्रात धरून एक मिनिट चालवा. समजा ६०० मिली आलं. मिनिटाला ४० मीटर चाल आणि १ मीटरचा पट्टा धरला तर ४० चौरस मीटर होतात. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास १०० मिनिटं आणि ६० लिटर, चार पंपांना थोडे कमी. दाटलेल्या पऱ्हाटीला (कपाशीला) अर्थातच जास्त लागतं.

डबल मोटरच्या मोहाबद्दल. दुप्पट फवारा हवा तर त्याच नोझलमधून चौपट दाब लागतो, आणि दाब वाढला की थेंब बारीक होतात. १०० मायक्रॉनखालचे (मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक) थेंब पानावर बसत नाहीत, वाऱ्यावर जातात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कारणं अनेक होती, त्यात डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी आणि बारीक धुकं सोडणारे पंप यांची चर्चा खूप झाली. छातीच्या वर नोझल धरावं लागत असेल तर बारीक फवारा नाकातच जातो. बऱ्याच पंपांना दाब कमी करायची घुंडी असते, पण ती तळाशी, पाठीमागे. पंप न उतरवता हात पोचत नाही. माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात वाईट चूक हीच.

बॅटरीच्या खोक्यावरचा अँपिअर-अवरचा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा असतो. मोटर २ ते ३ अँपिअर ओढते, म्हणजे नवी बॅटरी दोन-अडीच तास नेटाने चालते. ती मरते ती वापराने कमी, पडून राहिल्याने जास्त. हंगाम संपल्यावर उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. महिन्यातून एकदा चार्ज करा, चार तास थांबून मल्टिमीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला.

प्रोजेक्टसाठी पंप नवा घ्या. जुनाच असेल तर तीनदा पाण्याने चालवून धुवा आणि हातमोज्यांशिवाय उघडू नका. मोटर पुन्हा शोधत बसू नका, ती ठीक आहे. साधं पाणी भरून गावातल्या उंच, बुटक्या, बायका-पुरुष अशा वेगवेगळ्या माणसांच्या पाठीवर द्या. पट्ट्याची जागा, घुंडीपर्यंतचं अंतर, बादली उचलायची उंची टेपने मोजा. एनआयडीने (अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं आहे, ते कॉलेजच्या ग्रंथालयात मिळेल. आपली मापं त्याच्या शेजारी मांडा. मग पुठ्ठा आणि फोमचं मॉडेल करून त्यात पाण्याच्या बाटल्यांनी खरं वजन घाला. रिकाम्या मॉडेलवर सगळेच पट्टे आरामाचे वाटतात. कमरपट्टा सुचवाल तर तो एका हाताने सुटला पाहिजे, टाकी फुटली तर माणसाला क्षणात पंप टाकता यायला हवा.

नुसता वापरायला घेणाऱ्याने सिंगल मोटर, दाबाची घुंडी असलेला आणि पितळी नळीचा घ्यावा. दुकानदाराला झाकणाचं वॉशर, प्रेशर स्विच आणि मोटर सुटी आहे का ते विचारून, समोर काढायला लावा. नुसतं ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा, कारण स्विच बिघडेल तो फवारणीच्या ऐन दिवसात.