वही की पाकिटं?

बेळगावच्या उद्यमबागेत नोकरीला लागलेल्या भाचीनं विचारलं, "मावशी, खर्च वहीत लिहू, की एकेका खर्चाचे पैसे वेगळे ठेवायला पाकिटं करू?"

पैशाच्या दृष्टीनं दोन्ही स्वस्त. पाकिटं तर लग्नपत्रिकांचीही चालतात. कष्ट वहीला जास्त. चार दिवस लिहायचं राहिलं की खडेबाजारातलं चहापाणी आठवत नाही. पण गळती कुठं आहे ते वहीच दाखवते, आणि फोनवरून दिलेले पैसेही तिच्यात मांडता येतात.

पाकीट हात आवरतं. २० तारखेला माझ्या भाजीच्या पाकिटात शंभराची एकच नोट उरली होती, तेव्हा कोथिंबिरीची दुसरी जुडी मी परत ठेवली.

पैसा कुठं जातो तेच कळत नसेल, तर तीन महिने वही. कळतं पण हात थांबत नाही, त्यांनी पाकिटं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये खात्यात येत असतील, तर त्या पैशांना वहीत वेगळं पान ठेवा.