अलो अलो की होगन्स हीरोज: पहिल्या रात्री कुठला एपिसोड लावायचा?

मावसबहिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. सुट्टीत घरी सासू-सासरे, नवरा आणि चौदा वर्षांचा मुलगा असे सगळे एकत्र असणार, रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी मिळून काहीतरी हसण्यासारखं बघायचंय, आणि कुणीतरी तिला सांगितलंय की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची टर उडवणाऱ्या दोन जुन्या सिरीयल आहेत, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन, तर कुठली लावू आणि कुठल्या एपिसोडपासून लावू. फोनवर सांगितलं ते अर्धवटच राहिलं म्हणून आता सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला आधीही दोनतीन जणांनी विचारलाय आणि चुकीच्या एपिसोडपासून सुरू करून "काही कळलं नाही बाई" म्हणून सोडून देणारी माणसं मी बघितलीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. 'अलो अलो' लावा, आणि ती १९८२ च्या पायलटपासूनच लावा (पायलट म्हणजे सिरीयल चालेल का हे बघायला आधी केलेला पहिला एपिसोड). पण सगळ्या घरांना हे लागू नाही, म्हणून पुढचं वाचा.

'अलो अलो' बीबीसीची. पायलट ३० डिसेंबर १९८२ ला दाखवला, मग जवळजवळ दोन वर्षं काहीच नाही, सप्टेंबर १९८४ पासून नियमित सिरीयल आणि १९९२ मध्ये शेवट, एकूण ८५ एपिसोड. डेव्हिड क्रॉफ्ट आणि जेरेमी लॉइड या जोडीची कल्पना. जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या फ्रान्समधलं नूव्हियॉं नावाचं छोटं गाव, तिथे रेने आर्तवा हा कॅफेवाला. 'होगन्स हीरोज' सीबीएसची, १९६५ ते १९७१, १६८ एपिसोड, जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत घडते. म्हणजे एका ठिकाणी गावावर कब्जा झालाय आणि साधी माणसं त्यात अडकलीत, दुसऱ्या ठिकाणी शत्रूच्या देशात पकडले गेलेले सैनिक आहेत. ऐकायला फरक छोटा वाटतो पण दोन्ही सिरीयलींचा सगळा स्वभाव यातूनच आलाय.

आता पायलट. रेने सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागतो, आपल्याला त्याची परिस्थिती समजावून सांगतो, आणि ती ऐकताऐकताच लक्षात येतं की हा माणूस चारी बाजूंनी फसलाय. जर्मन कर्नलने गावातून चोरलेलं एक चित्र रेनेने लपवून ठेवायचंय, कारण कर्नलला ते युद्धानंतर विकून पैसे करायचेत, पण हिटलरला तेच चित्र हवंय म्हणून गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, मागावर आहेत. प्रतिकार चळवळीची मिशेल येऊन सांगते की तुझ्याकडे दोन ब्रिटिश वैमानिक लपवायचेत, नाही म्हणायची सोय नाही. घरात बायको एडिथ, कॅफेतल्या वेट्रेसशी रेनेचं प्रकरण. वर पलंगावर सासू. प्रत्येकापासून काहीतरी लपवायचंय आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं अर्धंच माहीत आहे. आपल्याकडे रंगभूमीवर फार्स बघत मोठ्या झालेल्या पिढीला हे गणित समजावून सांगावं लागत नाही, एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि दार उघडलं की नको तोच माणूस आत. सासू-सासऱ्यांना ही सिरीयल आवडेल असं मी म्हणते ते यामुळेच.

एक गोष्ट मात्र पायलट लावायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिली दहा मिनिटं गोंधळ होतो. अख्खी सिरीयल इंग्रजीत आहे पण पात्रं इंग्रजी बोलत नाहीयेत! फ्रेंच ढंगाचं इंग्रजी ऐकू आलं की समजायचं फ्रेंच चाललंय, जर्मन ढंगाचं आलं की जर्मन, आणि ते वैमानिक नाकातून खास साहेबी इंग्रजी बोलतात ती खरी इंग्रजी. मिशेलला दोन्ही भाषा येतात, म्हणून ती रेनेशी बोलताबोलता वैमानिकांकडे वळते आणि एका क्षणात तिचा आवाज, ओठ, मान सगळंच साहेबी होतं, आणि रेने बाजूला कोरा चेहरा करून उभा, कारण त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. आपल्याकडे करायचं झालं तर असं की स्टेजवर सगळे मराठीच बोलतायत, पण नागपुरी हेल काढला की ती एक भाषा, मालवणी हेल काढला की दुसरी, आणि या दोघांना एकमेकांचं काहीच कळत नाही असं प्रेक्षकांनी धरून चालायचं. एकदा हे डोक्यात बसलं की मजा दुप्पट होते.

आणि याच युक्तीचं सगळ्यात भारी पीक निघालं ते १९८५ मध्ये, दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडात, 'द पोलीसमन कमेथ'. बरेच जण हाच एपिसोड पहिला लावा म्हणून सुचवतात, म्हणून याची तुलना करायलाच हवी. यात क्रॅबट्री हा ब्रिटिश गुप्तहेर फ्रेंच पोलिसाच्या वेषात गावात येतो. त्याचं फ्रेंच कच्चं आहे. आता फ्रेंच म्हणजे इथे इंग्रजीच, तर कच्चं फ्रेंच कसं दाखवणार? त्याचे सगळे स्वर चुकवले. आल्याआल्या तो "गुड मॉर्निंग" ऐवजी "गुड मोनिंग" म्हणतो, म्हणजे शुभ सकाळच्या जागी शुभ विव्हळणं, आणि मग एकेका वाक्यात असे तीनचार शब्द, त्यातले निम्मे चारचौघांत न बोलण्यासारखे. मराठीत करायचं तर वेलांटी काना सगळं हलवून टाकायचं, कुणी "मी खिडकीतून पाहिलं" म्हणायला गेला आणि "मी खडकीतून पाहिलं" म्हणाला, तेही पोलिसी रुबाबात, छाती काढून, आणि समोरचे सगळे गंभीरपणे ऐकतायत. आर्थर बॉस्ट्रम या नटाने हे एवढं सरळ चेहऱ्याने केलंय की एकट्याने बघितलं तरी मोठ्याने हसू येतं.

मग हाच का नको आधी? कारण 'अलो अलो' ही सुट्या एपिसोडांची सिरीयल नाही, कालचं उरलेलं आज पुढे चालू असतं. पहिल्या सीझनच्या मध्यावर रेनेला गोळ्या घालून मारायची शिक्षा होते, खोट्या गोळ्यांमुळे तो वाचतो, आणि मग गावासमोर त्याला स्वतःचाच जुळा भाऊ बनून जगावं लागतं. कॅफे आता 'विधवा' एडिथच्या नावावर, म्हणजे स्वतःच्याच कॅफेत तो नोकर, आणि स्वतःच्याच बायकोला त्याने परत लग्नाची मागणी घालायची, वर तिच्यामागे गावातला अंत्यविधीवाला अल्फॉन्स लागलेला. हे माहीत नसताना क्रॅबट्रीचा एपिसोड लावलात तर त्याच्या वाक्यांना हसाल, पण बाकीच्या वीस मिनिटांत ही बाई विधवा कशी, हा कुणाचा भाऊ, सॉसेजसाठी सगळे जीव का टाकतायत (चित्र सॉसेजमध्ये लपवलंय) असे प्रश्न पडत राहतील. रेने सुरुवातीला मागची गोष्ट सांगतो खरा, पण ऐकीव माहितीवर हसू तेवढं येत नाही. रेनेला मारलं कसं आणि तो वाचला कसा हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की "विधवा" या एका शब्दावर घर हसतं.

पायलटच्या विरुद्ध सांगायचं तर त्यात वेग कमी आहे आणि ओळखी करून देण्यात बराच वेळ जातो. कॅफेत एडिथ गायला लागली की गिऱ्हाईकं कानात चीजचे बोळे घालतात, सासूच्या पलंगाखाली रेडिओ लपवलेला असतो आणि लंडनहून संदेश आला की पलंगाचे गोळे लुकलुकायला लागतात, म्हातारी ओरडते, रेने धावत वर येतो, असल्या ठरलेल्या गमती पुढे जमत जातात आणि प्रत्येक वेळी जास्त हसवतात. मिशेलचं "नीट कान देऊन ऐका, मी हे एकदाच सांगणार आहे" हे वाक्यही पहिल्यांदा ऐकून काहीच वाटत नाही, दहाव्यांदा ती तोंड उघडायच्या आधीच घरातलं कुणीतरी म्हणून मोकळं होतं. म्हणून निदान चार एपिसोड द्या, मग ठरवा.

आता होगन. याचा पहिला एपिसोड 'द इन्फॉर्मर', तेवढा एकच कृष्णधवल, बाकी सगळे रंगीत, त्यामुळे मुलगा कुरकुर करायला लागला तर त्याला हे सांगून ठेवा. जर्मन एक हेर कैदी म्हणून आत सोडतात, छावणीतूनच गुपचूप जर्मनांविरुद्ध कारवाया करणाऱ्या कैद्यांचा म्होरक्या कर्नल होगन, त्याला ते कळतं, आणि तो त्या हेराला उलट सगळंच दाखवून टाकतो, भुयार काय, कारखाना काय, जेणेकरून त्याने बाहेर जाऊन सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवू नये. फार हुशार गोष्ट आहे आणि अर्ध्या तासात पूर्ण संपते. हाच होगनचा मोठा फायदा, कुठलाही एपिसोड कधीही लावा, कुणी मधला चुकवला तरी बिघडत नाही. पाहुणे येतजात असतील, रोज तीच माणसं बसणार नसतील, तर डोळे झाकून होगन लावा.

पण होगनमध्ये होगन कधी हरत नाही. त्याची माणसं छावणीत मजेत राहतात, बाहेर जाऊन पूल उडवतात आणि हजेरीला परत येतात, आणि क्लिंक कमांडंट कायम मूर्ख ठरतो. रेने घाबरलेला असतो. तो शूर नाही, त्याला फक्त कॅफे चालवायचाय आणि जिवंत राहायचंय, आणि ताब्यातल्या गावात साध्या माणसाला रोज कुणालातरी हो म्हणावं लागतं, सकाळी जर्मनाला आणि रात्री चळवळीला. मला रेने जवळचा वाटतो तो याच कारणाने, आणि गॉर्डन के या नटाने ती भीती खरी ठेवली म्हणूनच.

एक शंका हमखास निघते, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून, की एवढ्या भयंकर गोष्टीवर विनोद कसा करतात. मला ही शंका योग्य वाटते आणि झटकून टाकू नये असंही वाटतं. बेल्जियममध्ये आंद्रे द योंग या तरुण मुलीने उभ्या केलेल्या कॉमेट लाइनने पडलेल्या विमानांतले वैमानिक ब्रुसेल्सहून फ्रान्समार्गे पिरेनीज ओलांडून स्पेनला पोचवले, जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली, छळछावणीत गेली, आणि त्यातून वाचून २००७ पर्यंत जगली. अशाच लोकांवर बीबीसीने १९७७ ते १९७९ मध्ये 'सीक्रेट आर्मी' नावाची गंभीर सिरीयल केली होती. त्यात ब्रुसेल्समधला कॅफे, वर अंथरुणाला खिळलेली मालकाची बायको, खाली गाणारी त्याची मैत्रीण. 'अलो अलो'ने हीच मांडणी उचलून उलटी केली, आणि कर्नल झालेला रिचर्ड मार्नर, जर्मन लेफ्टनंट ग्रूबर झालेला गाय साइनर असे काही नट तर त्या गंभीर सिरीयलमध्येही होते. म्हणजे टर उडवलीय ती त्या सिरीयलच्या साच्याची, कॉमेट लाइनच्या माणसांची नाही.

होगनच्या बाबतीत तर उत्तर नटांच्या आयुष्यातच आहे. क्लिंक झालेला वेर्नर क्लेम्पेरर ज्यू, त्याचे वडील ऑटो क्लेम्पेरर हे नावाजलेले वाद्यवृंद संचालक, १९३३ मध्ये कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. क्लिंक एकदाही जिंकलेला दाखवायचा नाही या अटीवरच त्याने काम घेतलं. छावणीतला पहारेकरी शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर ज्यू, १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर अमेरिकेत आश्रय घेतलेला. आणि फ्रेंच कैदी लेबो झालेला रॉबर्ट क्लॅरी स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेला, घरातली १२ माणसं त्याने गमावली. हे मुलाला सिरीयल लावायच्या आधी नाही, दोनचार एपिसोड झाल्यावर सांगा, मग तो शुल्ट्झचं "मी काही बघितलं नाही" वेगळ्या नजरेने बघेल.

घरातल्यांसमोर अवघड वाटेल असं काय? 'अलो अलो'मध्ये द्व्यर्थी बोलणं पदोपदी आहे, त्या चित्राचं नावच तसं आहे, आणि लेफ्टनंट ग्रूबरला रेने आवडतो यावरचे विनोद आज थोडे जुने वाटतात, पण मला सगळ्या जर्मनांत ग्रूबरच सगळ्यात हळव्या मनाचा वाटतो आणि साइनरने त्याला कुठे ओंगळ केलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाबरोबर बघायला मला हरकत वाटत नाही, दहा वर्षांच्या मुलाबरोबर असेल तर होगन बरा. होगनमध्ये बायकांना फारसं कामच नाही ही माझी तक्रार. 'अलो अलो'त मिशेल, एडिथ, कर्नलची मदतनीस हेल्गा, वेट्रेस इवेट या सगळ्या पुरुषांपेक्षा जास्त धडाडीच्या.

सबटायटलचं एक सांगायचं राहिलं. पायलटला लावून ठेवा, फ्रेंच ढंग कानाला बसेपर्यंत लागतात. पण क्रॅबट्रीचा एपिसोड आला की बंद करा, नाहीतर तो बोलायच्या आधीच खाली शब्द वाचला जातो आणि सगळी गंमत गेली. सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर आवाज वाढवा, सबटायटल नको.

तर बहिणीला सांगितलं ते असं: पहिल्या रात्री पायलट, मग पहिला सीझन ओळीने, रोज एक. दहाअकरा रात्रींत क्रॅबट्री येतो. त्या रात्री जेवणं नक्की आधी उरकून घे, कारण तो दारातून आत येऊन तोंड उघडतो तेव्हा कुणाच्या तोंडात घास असता कामा नये.