सोपी वाट कोणती? व्हॅक्सिन डेपो, राजहंसगड की वैजनाथ

बेळगावात कुणालाही ‘हलकं फिरायला कुठे जावं’ असं विचारलं की उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अमुक जागा जवळ म्हणून सोपी, तमुक लांब म्हणून अवघड. खरं तर वाट सोपी की अवघड हे पायाखाली काय आहे आणि परतताना किती उतरायचं आहे यावर ठरतं. सपाट मातीवर तासभर आरामात चालणारा माणूस सुट्या मुरमाचा छोटासा उतार आला की गुडघा धरून थांबतो. म्हणून खालच्या जागा याच दोन गोष्टींवर पारखल्या आहेत.

व्हॅक्सिन डेपो

एकेकाळी लस तयार करणाऱ्या सरकारी संस्थेचा हा टिळकवाडीतला परिसर. भर शहरात इतकी जुनी झाडं एका ठिकाणी क्वचितच सापडतात. पहाटेपासून इथे चालणाऱ्यांची वर्दळ असते आणि तांबट, बुलबुल, भारद्वाज यांचा आवाज कानावर पडत राहतो. पायाखाली बहुतेक ठिकाणी दाबली गेलेली तांबडी माती आणि पाचोळा. चढ नावापुरताच.

गुडघेदुखी, नुकतंच झालेलं आजारपण, वाढलेलं वजन किंवा बऱ्याच वर्षांनी सुरुवात, यांपैकी काहीही असलं तर इथूनच सुरुवात करा. माती डांबरापेक्षा मऊ असते. शिवाय ती किंचित उंचसखल असल्यामुळे प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं आणि घोट्याचे लहान स्नायू कामाला लागतात. फेऱ्या मारायच्या असल्यामुळे दमलात तर कुठूनही बाहेर पडता येतं. अर्ध्या डोंगरावर अडकण्याची भीती नाही. पहिल्या आठवड्यात 20 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला.

अडचणी पाचोळ्याखाली असतात. झाडांची मुळं त्यात दिसत नाहीत, पाऊल घासत चालणाऱ्याच्या बुटाचं टोक त्यात अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. वयस्कर माणसांना घेऊन जात असाल तर झाडांच्या बुंध्यापासून दोन-तीन हात लांबून चाला. जून ते सप्टेंबर तांबडा चिखल बुटाच्या खाचांत भरतो आणि तळवा पाटीसारखा सपाट होतो. दर काही मिनिटांनी दगडाच्या कडेला घासून तो काढावा लागतो, नाहीतर चांगल्या बुटांचाही उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की जुन्या झाडांखाली आडोशाला थांबू नका. वाळक्या फांद्या तेव्हाच पडतात.

भर पावसात पर्याय म्हणजे कॅम्पातले झाडीचे रस्ते किंवा किल्ला तलावाचा काठ. दोन्हीकडे पाय कोरडे राहतात, पण जमीन कडक. तिथे जाड, मऊ तळव्याचे बूट हवेत आणि वेळ थोडा कमी ठेवावा. कॅम्प हा लष्करी भाग असल्यामुळे फोटो काढायच्या फंदात पडू नका.

राजहंसगड

शहरापासून सुमारे 15 किमीवर, येळ्ळूरच्या हद्दीत. पुष्कळांना हा ‘गड’ म्हणजे ट्रेक वाटतो आणि ते घरी बसतात. उलट वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि आमच्या मते हीच त्याची सर्वांत मोठी सोय. गाडी पायथ्याशी ठेवून सगळा चढ चालता येतो, मध्येच ठेवून अर्धा, किंवा दरवाजाजवळ ठेवून फक्त तटाच्या आतला फेरफटका. एकाच घरातली तीन पिढ्यांची माणसं आपापल्या ताकदीप्रमाणे निघून वर एकत्र येऊ शकतात. ही मुभा व्हॅक्सिन डेपोत लागत नाही आणि वैजनाथाकडे इतकी सहज मिळत नाही.

वर सिद्धेश्वराचं मंदिर, विहीर, तटबंदी आणि 2023 साली उभारलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. तेव्हापासून रविवारी गर्दी वाढली आहे. शांतपणे चालायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस निवडा.

चढाचा वेळ असा काढा: सपाटीला ताशी 4 किमी धरा आणि दर 100 मीटर उंचीला 10 मिनिटं जोडा. लहान मुलं बरोबर असतील तर येणाऱ्या आकड्याची दीडपट. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, मार्च ते मे पाऊण लिटर. वर सावली फार थोडी. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत उतरायला लागा.

अवघड भाग उतरण्याचा आहे. चढताना दम लागतो, पण सांध्यांना त्रास कमी होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवत असतो. या कामाची सवय नसेल तर त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं त्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येतं. सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळे. इलाज सोपा आहे: पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही, अंग मागे झुकवायचं नाही. मागे झुकलं की सगळं वजन टाचेवर जातं आणि सुट्या खडीवर टाचच आधी सटकते. निघण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधा. ती सैल राहिली तर पाय पुढे सरकतो, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळंनिळं पडतं.

पावसाळ्यात तटावरचे दगड शेवाळतात. रबरी तळवा ओल्या शेवाळावर धरत नाही, बूट कितीही महाग असोत. तेव्हा तटावर चढू नये, गवतातून किंवा मळलेल्या वाटेने फिरावं. दगडी फटीत न बघता हात घालू नये, तिथे साप असू शकतो. रस्त्यावर धुकं उतरतं, म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला आणि राखाडी-काळ्या रेनकोटाऐवजी पिवळा किंवा नारिंगी घाला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमले की वर जाऊ नका. उघड्या माथ्यावर विजेपासून आडोसा नसतो, आणि वळीव सांगून येत नाही.

वैजनाथ आणि महिपाळगड

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीकडून आत वळलं की देवरवाडी. सीमा ओलांडून महाराष्ट्रातला चंदगड तालुका लागतो, पण बेळगावकरांना हे अंगणच. वैजनाथाच्या जुन्या दगडी मंदिराभोवती झाडी आहे आणि वर महिपाळगड, ज्यावर आजही वस्ती आहे.

चालण्याच्या दृष्टीने यात दोन्हींचं थोडंथोडं आहे: व्हॅक्सिन डेपोसारखी सावली, राजहंसगडासारखा चढ. मंदिर परिसरातच रमलात तर कुणालाही झेपेल. गडाकडे निघालात तर उतारावर मुरूम लागतो. पावसाळा संपून माती वाळली की त्याचे खडे पायाखाली गोट्यांसारखे घरंगळतात, म्हणून आपल्या भागात पाय घसरण्याचा धोका भर पावसाइतकाच नोव्हेंबरनंतरही असतो. इथे काठी घ्या. उतरताना ती पुढे टेकवायची, आधी काठी, मग पाऊल. लांबी इतकी हवी की सपाटीवर कोपर काटकोनात राहील, आणि उतारावर एक मूठ जास्त.

या पट्ट्यात गवे आहेत. पहाटे अंधारात आणि सांज झाल्यावर झाडीतली वाट टाळा. गवा दिसला तर थांबा, आवाज न करता आल्या वाटेने मागे फिरा. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. मोबाइल पुढे करून जवळ जाणं हा जिवाशी खेळ आहे.

मग निवडायचं कसं

घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाच्या गुडघ्यावरून ठरवा, सगळ्यांत उत्साही माणसाच्या मनावरून नाही. रोजच्यासाठी व्हॅक्सिन डेपो. महिना-दीड महिना तिथे सलग 45 मिनिटं जमू लागली की राजहंसगडाचा अर्धा चढ, मग पूर्ण. पुढे सह्याद्रीतले गड करायचे असतील तर पावसाळ्यानंतर महिपाळगड, कारण मुरमावर उतरायचा सराव डांबरावर होत नाही. फक्त लहान मुलांना गड दाखवायचा असेल तर थेट राजहंसगड, गाडी वरपर्यंत नेऊन.

बुटांचं एवढंच: तिन्ही ठिकाणांसाठी साधे स्पोर्ट्स शूज पुरतात, पण निघण्याआधी बूट उलटा करून टाचेची बाहेरची कड बघा. नक्षी तिथेच आधी झिजते. अंगठ्याच्या नखाने खाच जाणवत नसेल तर तो बूट व्हॅक्सिन डेपोपुरता ठेवा, उतारावर नको.

खानापूरचं जंगल या यादीत का नाही

जांबोटी, कणकुंबी, भीमगड ही नावं ओठावर येतातच. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, म्हादईचा भीमगडच्या रानात. झाडी अशी की वर उल्लेखलेली एकही जागा तिच्यापुढे उभी राहणार नाही. पण भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे 190 चौरस किमी. आत अस्वलं, गवे, बिबटे आहेत, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. ही हलक्या फेरफटक्याची जागा नाही, आणि तशी ती होऊही नये.

परवानगी काढून, वाटाड्या घेऊन गेलात तर पावसाळ्यात जळवांची तयारी ठेवा. पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. चिकटलेली जळू काडीने भाजू नका, नखाने कडेकडेने सोडवा. डिसेंबर ते मे या काळात खानापूर-चंदगड पट्ट्यात माकडतापाचा धोका असतो. हा विषाणूचा ताप माकडांना आणि माणसांना, दोघांनाही होतो आणि गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि कानामागे हात फिरवून बघा. नंतरच्या दहा-बारा दिवसांत अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिलंच वाक्य ‘जंगलात जाऊन आलो होतो’ हे सांगा.