रात्रीच्या दाऱ्यासाठी १८६५० सेल : दोन हंगामांच्या वापरानंतर

आमचा ऊस आणि कांदा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, त्यामुळे रात्रपाळी आली की दारं धरायला अंधारातच निघावं लागतं. हा सगळा भाग जुन्नर वन विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत उसात बिबट्या राहतो, वाढतो, पिलं घालतो. त्याच्याइतकीच काळजी पायाखालची. घोणस आणि मण्यार दोन्ही रात्रीच फिरतात आणि ओल्या सरीच्या वरंब्यावर दिसता दिसत नाहीत. म्हणून नवरा आणि मी दोघं मिळून जातो, एक दार फोडतो आणि दुसरा उजेड धरतो. एक हेडलॅम्प, एक लांब फोकसची हातातली टॉर्च, दोन्हींत १८६५० मापाचा एकेकच सेल. टॉर्चबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते आतल्या सेलबद्दल, कारण दोन हंगाम वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की रात्रीच्या कामाला सेलचा आकडा किती मोठा यापेक्षा तो कधी संपणार हे आधी समजणं जास्त गरजेचं आहे.

आधी हिशेब सांगते, म्हणजे पुढचं कळेल. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. त्याचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. चांगल्या कंपनीचा ३,५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचं माप), म्हणजे ३.५ अँपिअर-तासांचा सेल घेतला तर ३.६ गुणिले ३.५, म्हणजे १२.६ वॉट-तास ऊर्जा. एका वॉटला ढोबळमानाने १०० ल्युमेन (उजेडाचं माप) धरा. ३०० ल्युमेनवर टॉर्च चालवली तर सेल चारेक तासांत संपतो, सर्किटमधली घट धरली तर त्याच्याही आधी. १०० ल्युमेनवर तोच सेल जवळपास अख्खी रात्र काढतो. खोक्यावर जे हजार-दीड हजार ल्युमेन छापलेले असतात ते काही मिनिटांपुरते असतात. टॉर्च तापली की ती स्वतःच उजेड खाली आणते, आणि ते योग्यच आहे. आम्ही हेडलॅम्प कायम खालच्या पायरीवर ठेवतो, पाय आणि पाट दिसेल इतपत. हातातली टॉर्च बांधाच्या कडेवर, उसाच्या तोंडावर एकदा फिरवायची आणि बंद करायची. असं केलं तर हेडलॅम्पला रात्रीत एक जादा सेल पुरतो, टॉर्चला तोही लागत नाही.

आता कोणते सेल. हेडलॅम्पला सॅमसंग ३५ई, म्हणजे ३,५०० एमएएचचा, आणि टॉर्चला सॅमसंग ३०क्यू, ३,००० एमएएचचा. कमी क्षमतेचा सेल जास्त उजेडाच्या टॉर्चला का, असं दिराने विचारलं होतं. कारण असं की ३५ई हळूहळू, सावकाश वीज द्यायला बनलेला आहे. त्याच्यावर एकदम भार टाकला की दाब खाली बसतो. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच तीन व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे साध्या सर्किटच्या टॉर्चमध्ये सेल अर्धा भरलेला असतानाही पूर्ण झोत मिळत नाही. ३०क्यू १५ अँपिअरपर्यंत भार सोसतो आणि दाब धरून ठेवतो. आम्ही दोन्ही सेल टॉर्चमध्ये आलटून पालटून पाहिले. पहिल्या अर्ध्या तासात फरक दिसत नाही. त्यानंतर ३५ईचा झोत विहिरीपलीकडच्या बांधापर्यंत नीट पोचेनासा होतो, ३०क्यूचा पोचतो. बिबट्याचे डोळे चमकतात ते त्या अंतरावरच दिसायला हवेत, दहा पावलांवर नाही. हेडलॅम्पच्या मंद उजेडाला मात्र ३५ईच सरस, तिथे त्याची जादा क्षमता पुरेपूर वापरात येते. एलजीचा एमजे१ आणि मोलिसेलचा एम३५ए हेही त्याच जातीचे. भार सोसणाऱ्यांत मोलिसेलचा पी२६ए आहे, क्षमता २,६०० पण ताकद भरपूर.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. जुन्या पेन्सिल सेलच्या टॉर्चला एक गुण होता. उजेड हळूहळू पिवळा पडायचा आणि घराकडे वळायला वेळ द्यायचा. लिथियम सेल तसा नाही. ज्या सेलला तळाशी संरक्षक चकती लावलेली असते (प्रोटेक्टेड म्हणतात तो), तो दाब अडीच व्होल्टच्या आसपास आला की वीज तोडतो. सांगून नाही, एका क्षणात. सर्किटमुळे उजेड शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतो आणि मग काळोख. उसाच्या मधोमध, पाण्याने भरलेल्या सरीत, डोळे उजेडाला सरावलेले असताना हा काळोख फार वाईट असतो. ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको.

म्हणून सेल घेण्याआधी टॉर्च बघा. तिच्यात संपत आल्याची खूण आहे का? आमच्या हेडलॅम्पच्या बटणात छोटा दिवा आहे, हिरवा असतो, मग लाल होतो. त्यानंतर उजेड स्वतःहून खाली येतो, आणि त्यावरही बराच वेळ मंद उजेड मिळतो. शेवटी तीन व्होल्टच्या जरा खाली टॉर्चच बंद होते, त्यामुळे सेल अति रिकामा होऊन खराब होत नाही. अशी टॉर्च असेल तर चांगल्या कंपनीचा बिनचकतीचा सेल निर्धास्त चालतो. टॉर्चमध्ये असं काहीच नसेल तर चकतीवालाच घ्या, पण घरी एकदा पूर्ण भरून, रोज वापरता त्याच पायरीवर ती संपेपर्यंत पेटवून ठेवा आणि घड्याळ बघा. तो वेळ लक्षात ठेवायचा आणि शेतात त्याच्या पाऊण वेळेतच सेल बदलायचा. चकतीमुळे सेलची लांबी ६९-७० मिलिमीटरपर्यंत जाते, काही टॉर्चच्या नळीत तो बसतच नाही. जबरदस्तीने झाकण आवळू नका. तसंच काही टॉर्चना वर टिकली असलेला सेलच लागतो. सपाट तोंडाचा टाकला तर टॉर्च पेटत नाही आणि माणसाला वाटतं सेल खराब निघाला.

बंदुकीवर लावायच्या टॉर्चमध्ये हाच प्रश्न जास्त टोकाचा असतो, आणि तिथून आपल्याला शिकण्यासारखं आहे. तिथे वर्षानुवर्षं सीआर१२३ए नावाचे न भरता येणारे ३ व्होल्टचे लिथियम सेल वापरतात, कारण ते दहा वर्षं पडून राहिले तरी चालतात. पैसे वाचवायला त्याच मापाचे भरता येणारे सेल दोनदोन घातले तर ६ व्होल्टच्या जागी ८.४ व्होल्ट जातात आणि जी टॉर्च त्यासाठी बनलेली नाही तिचं सर्किट जळू शकतं. माप जुळलं म्हणजे सेल जुळला असं नाही. आणि बंदुकीच्या धक्क्याने सेल क्षणभर सुटून उजेड मिचकू नये म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये दोन्ही टोकांना स्प्रिंग देतात. ट्रॅक्टरवर बसून जाणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं. एकाच टोकाला स्प्रिंग असलेली आमची आधीची टॉर्च नांगरटीच्या ढेकळांत सारखी लुकलुकायची. नवी कधीच नाही.

नकली सेलबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आठवडी बाजारात आणि ऑनलाइनही ९,९०० एमएएच छापलेले १८६५० सर्रास मिळतात. या मापाचे नामांकित कंपन्यांचे मोठ्यातले मोठे सेल ३,५०० च्या आसपासच असतात, त्यामुळे ९,९०० वाचलं की दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा. असे बरेच सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले आणि नवं प्लास्टिक चढवलेले असतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे वजन. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मी आमच्याकडचे सेल सोनाराच्या काट्यावर वजन करून आणले, दोन्ही जातींचे अठ्ठेचाळीसच्या आसपास. शेजाऱ्याने आणलेला रंगीत सेल पस्तिशीतच होता, आणि क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तर हजारसुद्धा भरला नाही. खऱ्या सेलला चारशे-पाचशे रुपयांपुढे मोजावे लागतात. शंभरात मिळत असेल तर तो खरा नाही.

चार्जरवर पैसे वाचवू नयेत. ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा, क्षमता मोजून दाखवणारा दोन खणांचा चार्जर आम्ही घेतला. मी ५०० मिलिअँपिअरवर लावते, ३५ई भरायला सात-आठ तास लागतात, पण सेल हाताला गार राहतो. दिवसा, माणूस जागं असताना, फरशीवर, गादीपासून लांब. रात्री सगळे झोपलेले असताना लिथियम सेल चार्जिंगला लावू नये हा नियम मी घरात कोणालाच तोडू देत नाही. टॉर्चला स्वतःचं यूएसबी चार्जिंगही आहे, पण चिखलाच्या कामात त्या भोकाचं रबर उघडायचं धाडस होत नाही. ते मोटरसायकलवरून परगावी जाताना उपयोगी पडतं, बस.

हाताळण्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. या सेलचं अख्खं धातूचं अंग ऋण असतं, धन फक्त वरची टिकली. दोघांच्या मधे असतो तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आणि एक कागदी चकती. तो पापुद्रा वरच्या कडेला फाटला आणि तिथे धातू लागला की सरळ शॉर्ट. पुरुषमंडळींच्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे, चुन्याची डबी असते. त्यात सुटा सेल टाकणं म्हणजे खिशात निखारा ठेवणं. सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की हे सेल सुटे वापरण्यासाठी बनवलेले नाहीत. तेव्हा ही काळजी आपणच घ्यायची. जादा सेलसाठी दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते, ती आमच्या डब्याच्या पिशवीतच असते. पापुद्रा खरवडला तर नवा चढवून मिळतो. तोवर तो सेल वापरायचा नाही.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पाळ्या कमी होतात आणि सेल पडून राहतात. पूर्ण भरलेला सेल पत्र्याच्या खोपीत तापत ठेवला की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. मी ते अर्धे, म्हणजे ३.६-३.७ व्होल्टला आणून, घरातल्या माठाजवळच्या फडताळात ठेवले होते. पावसाळ्यात परत मोजले तर ३५ई नवा असताना ३,३५० च्या वर दाखवायचा तो आता ३,२०० च्या आसपास आहे. ३०क्यूमध्ये त्याहून कमी घट. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पहाटे दोन्ही जरा लवकर दमतात, म्हणून तेव्हा जादा सेल अंगातल्या स्वेटरच्या आतल्या कप्प्यात, डबीसकट.

सासऱ्यांना मात्र हे सगळं दिलेलं नाही. त्यांचं वय झालं, त्यांना सेल उलटसुलट बघून टाकायचं जमत नाही, आणि लिथियममध्ये ती चूक महागात पडते. त्यांच्यासाठी पेन्सिल सेलची टॉर्च आणि त्यात एनेलूप. हे निकेल-मेटल हायड्राइड जातीचे भरता येणारे सेल, १.२ व्होल्टचे, २००५ साली सान्योने आणले. पडून राहिले तरी चार्ज टिकवतात, आणि आगीचा धोका लिथियमच्या मानाने अगदीच कमी. उजेड कमी आहे, पण गोठ्यापर्यंत जायला पुरतो, आणि कधी भरायचे राहिलेच तर गावातल्या दुकानात साधा पेन्सिल सेल मिळतो. बाजारातल्या शिसे-आम्लाच्या चार्जिंगवाल्या टॉर्चपेक्षा हे कितीतरी बरं. ती टॉर्च दोन महिने रिकामी पडली की मेलीच.

पुढची टॉर्च २१७०० मापाच्या, म्हणजे याहून मोठ्या सेलची घ्यावी का यावर आमच्यात बोलणं चालू आहे. त्यात ५,००० एमएएच, म्हणजे १८ वॉट-तास मिळतात, एका सेलवर अख्खी रात्र आरामात जाईल. माझं म्हणणं, हेडलॅम्पला नको. डोक्यावर वजन वाढतं, आणि आज दोन्ही टॉर्चचे सेल एकमेकींना चालतात ते उद्या चालणार नाहीत. कांद्याच्या रात्रपाळ्या सुरू व्हायच्या आत मी आणखी दोन ३०क्यू मागवणार आहे.