ग्रिडला वीज देताना सौर चार्जिंग अस्थिर होते: डीसी जोडणी सुधारावी की एसी जोडणीकडे वळावे?

बॅटरी भरत येते, उरलेली वीज ग्रिडकडे जाऊ लागते आणि नेमक्या त्याच वेळी सोलर चार्ज कंट्रोलरवरचा (पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणाऱ्या उपकरणावरचा) आकडा वरखाली होऊ लागतो. अशा वेळी अनेकांना थेट जोडणीच बदलण्याचा सल्ला मिळतो. तो नेहमीच चुकीचा नसतो, परंतु बहुतेक वेळा घाईचा असतो, कारण बिघाड डीसी बाजूला (पॅनेल व बॅटरीकडे) आहे की एसी बाजूला (घर व ग्रिडकडे) हे ठरल्याशिवाय नवे उपकरण काय सुधारणार हे सांगता येत नाही.

डीसी जोडणीत पॅनेलची वीज एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) चार्ज कंट्रोलरमधून बॅटरीच्या तारांवर येते आणि दोन्ही दिशांनी चालणारा, म्हणजे डीसीचे एसी आणि एसीचे डीसी करणारा, इन्व्हर्टर ती तिथून उचलून ग्रिडला देतो. एसी जोडणीत ग्रिड-टाय इन्व्हर्टर पॅनेलच्या विजेचे लगेच एसीमध्ये रूपांतर करतो आणि बॅटरीचा इन्व्हर्टर तिच्यातून चार्जिंगपुरती वीज घेतो.

डीसी जोडणीतील अस्थिरता समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण तिथे एकाच बसवर, म्हणजे बॅटरीच्या त्याच सामाईक तारांवर, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर असे दोन नियंत्रक काम करतात. वीज बाहेर जावी म्हणून कंट्रोलरचा लक्ष्य व्होल्टेज चार्जिंगच्या मर्यादेपेक्षा किंचित वर ठेवलेला असतो आणि इन्व्हर्टर जादा वीज ग्रिडकडे ओढून बसचा व्होल्टेज मर्यादेवर आणून ठेवतो. हा फरक अनेकदा व्होल्टच्या काही दशांशांचाच असतो. आता कंट्रोलर ते बॅटरी या मार्गाचा रोध २ मिलीओहम आहे आणि प्रवाह १०० अँपिअर आहे असे धरा. तेवढ्यानेच ०.२ व्होल्टची घट होते, म्हणजे कंट्रोलरला स्वतःच्या टर्मिनलवर बॅटरीपेक्षा ०.२ व्होल्ट जास्त दिसतात. बॅटरी भरली असे समजून तो प्रवाह कमी करतो, प्रवाह कमी होताच ती घट नाहीशी होते आणि तो पुन्हा प्रवाह वाढवतो. बॅटरीवरच्या मापनाची माहिती कंट्रोलरपर्यंत उशिरा पोहोचत असेल, तर हे हेलकावे आणखी वाढतात. आखूड व जाड केबल, योग्य टॉर्कने घट्ट केलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेले व्होल्टेजचे मापन एवढ्याने हा दोष बहुधा जातो. डीसी बाजूचा प्रवाह मोठा असल्याने हे काम वीज बंद करून जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. एसी जोडणीत हा प्रश्न उद्भवत नाही हे खरे, पण एका सैल लगसाठी संपूर्ण जोडणी बदलणे मला पटत नाही.

कारण बॅटरीतच असेल तर तुलना वेगळी होते. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत प्रतिसेल ३.४५ व्होल्टने एकूण ५५.२ व्होल्ट होतात, मात्र सेल असमतोल असतील तर एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या कमाल मर्यादेजवळ आधीच पोहोचतो. मग बीएमएस (बॅटरीतील सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) चार्जिंगचा प्रवाह रोखतो, सेलचा व्होल्टेज उतरला की तो पुन्हा सोडतो आणि आलेखावर करवतीच्या दातांसारखी रेघ उमटते. असमतोल दोन्ही जोडण्यांत राहतो. फरक एवढाच की एसी जोडणीत ग्रिड-टाय इन्व्हर्टर बॅटरीवर अवलंबून नसल्याने निर्यात, म्हणजे ग्रिडला वीज देणे, अखंड चालू राहते. डीसी जोडणीत मात्र बीएमएसचा हुकूम कंट्रोलर पाळत असेल तर निर्यातही अडखळते. आधी चार्जिंगचा व्होल्टेज थोडा खाली आणून सेलना समतोल होण्यास पुरेसा वेळ द्यावा.

तिसरे कारण सहज नजरेतून सुटते. नेहमीचा कंट्रोलर व्होल्टेज खाली उतरवणारा असतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा लागतो. ६० सेलची दोन पॅनेल एकापुढे एक जोडली तर प्रमाणित २५ अंश सेल्सिअसला सुमारे ६२ ते ६६ व्होल्ट मिळतात, परंतु भर उन्हात सेलचे तापमान ६५ अंशांवर गेले की हा आकडा १२ टक्के किंवा त्याहून अधिक घसरतो. तेव्हा ५५ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीसमोर जागाच उरत नाही. कंट्रोलरची कमाल इनपुट मर्यादा, विशेषतः थंड सकाळची, तपासून आणखी एक पॅनेल मालिकेत घेणे हा यावरचा खरा उपाय आहे.

ग्रिडचा व्होल्टेज वाढणे हे मात्र असे कारण आहे जिथे जोडणी बदलून काहीच साध्य होत नाही. समजा ग्रिड २४६ व्होल्टवर आहे आणि घरापर्यंतच्या तारेचा एकूण रोध ०.४ ओहम आहे. २० अँपिअर बाहेर सोडताच घरातला व्होल्टेज ८ व्होल्टने वाढून २५४ होतो. २३० व्होल्टच्या अधिक १० टक्क्यांची मर्यादा २५३ असल्याने त्या मर्यादेवर बसवलेला इन्व्हर्टर वीज कमी करतो किंवा ग्रिड सोडतो आणि नियमाने ठरलेला काळ थांबून पुन्हा जोडला जातो. एसी जोडणीत तर पॅनेलचा इन्व्हर्टरही याच व्होल्टेजला सामोरा जातो, त्यामुळे चार्जिंगही थांबू शकते. डीसी जोडणीत निर्यात थांबली तरी बॅटरीत जागा असल्यास पॅनेलची वीज तिच्यात जात राहते. येथे जाड सर्व्हिस केबल, निर्यातीवर मर्यादा किंवा वीज वितरण कंपनीकडे रीतसर तक्रार हेच मार्ग आहेत.

म्हणून निर्णयाआधी स्वच्छ ऊन असताना अर्धा तास निर्यात बंद ठेवून पाहावे. त्या वेळी बॅटरी भरलेली नसावी. चार्जिंग तरीही डळमळत असेल, तर प्रथम पॅनेल, केबल आणि बीएमएस तपासावेत. ते स्थिर झाले, तर निर्यात पुन्हा सुरू करून कंट्रोलरच्या टर्मिनलवरचा, बॅटरीवरचा आणि ग्रिडचा व्होल्टेज एकाच वेळी नोंदवावा.

हे सर्व तपासल्यावरही ज्यांची बहुतांश वीज दिवसाच वापरली जाते किंवा बाहेर जाते, त्यांना एसी जोडणी अधिक योग्य ठरेल, कारण त्या मार्गावर रूपांतर एकदाच होते. ज्यांची बहुतेक वीज रात्रीसाठी साठवली जाते, त्यांनी डीसी जोडणीच सुधारून घ्यावी. ग्रिड वारंवार जात असेल तर मी तरी डीसीच निवडेन: पूर्ण उतरलेली बॅटरीही कंट्रोलर पॅनेलच्या जोरावर सहसा पुन्हा भरू लागतो, तर ग्रिड-टाय इन्व्हर्टरला सुरू होण्यासाठी आधी कोणीतरी एसी पुरवावा लागतो.