रेनकव्हर चार महिने वापरून: मागची खिडकी सोडली तर पैसे वसूल

जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं कॅमेऱ्याचं रेनकव्हर परवा धुऊन, वाळवून कपाटात ठेवलं. चार महिन्यांत ताम्हिणी, माळशेज, आंबोली, कास एवढं फिरलंय, म्हणून आता लिहितोय. ११५० रुपये पडले. त्याआधी तीन पावसाळे शॉवर कॅप आणि रबरबँडवर काढले होते, त्यामुळे एवढे पैसे मोजताना जिवावर आलं होतं.

पाणी आत येत नाही. ताम्हिणीत पाऊस आडवा मारतो, तिथे छत्रीचा काही उपयोग नसतो. दोन तास उभा होतो, कॅमेऱ्याची बॉडी कोरडी ठणठणीत. शिवणींना आतून टेप आहे, बाह्या सैल आहेत, पुढची दोरी लेन्सच्या हूडवर (पुढे लावायच्या नळीवर) घट्ट बसते. हूड मात्र लावाच, नाहीतर काचेवर थेंब येणारच.

माझं भांडण आहे ते मागच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडकीशी, जिच्यातून कॅमेऱ्यात बघायचं असतं. डोळा लावला की बाहेरून श्वासाची वाफ बसते, आतून हाताच्या उबेची. बाहेरची पुसता येते, आतली कशी पुसणार? जुलैत आंबोलीला रात्री टॉर्चच्या उजेडात मलबारचा उडता बेडूक सापडला. हिरवागार, बोटांमधले पडदे केशरी-लाल. पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर मादी मागच्या पायांनी फेस घुसळत होती. त्या फेसातच ती अंडी घालते आणि पिल्लं पुढे खालच्या पाण्यात पडतात. हे बघायला मी दोन वर्षं थांबलो होतो. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या झरोक्यात, नुसता पांढरा धूर! फोकस कुठे बसलाय तेच कळेना. चाळीस फोटोंपैकी दोन धड आले.

विक्रेत्याला कळवलं. आधी म्हणाले फोटो पाठवा. वाफ धरलेल्या खिडकीचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं की परत घेण्याची दहा दिवसांची मुदत संपली. पावसाळी वस्तू दहा दिवसांत पारखायची कशी? त्या दहा दिवसांत आमच्याकडे पाऊसच नव्हता.

तेव्हा दोनच स्टार द्यायचे ठरवलं होतं. मग ऑगस्टमध्ये ब्लेड घेतलं आणि खिडकीला आयपीसच्या (व्ह्यूफाइंडरच्या काचेच्या) मापाचं भोक पाडलं. आयपीसभोवतीची रबरी कड, म्हणजे आयकप, काढला आणि प्लॅस्टिकच्या वरून परत चढवला, म्हणजे प्लॅस्टिक मध्ये दाबून बसतं. आता डोळा थेट काचेला लागतो. आयकप निघत नसेल अशा कॅमेऱ्यावर हे जमणार नाही. स्क्रीन अजूनही धूसरच दिसते, पण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मी व्ह्यूफाइंडरमध्येच बघतो. हे कंपनीनेच करून द्यायला हवं होतं, त्याला दहा रुपयांचंही काम नाही. तरी आता चार स्टार देतो.

एक चूक मात्र माझी. आंबोलीहून येताना कॅमेरा कव्हरसकट बॅगेत टाकला. दमट हवा आत कोंडली आणि सकाळी लेन्सवर धुकं. माझ्या जुन्या ५० मिमी लेन्सच्या आत गेल्या वर्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली होती, त्यामुळे पोटात गोळाच आला. आता गाडीत बसण्याआधी कव्हर काढतो, कॅमेरा पुसतो आणि घरी आल्यावर रबराच्या झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवतो. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा केशरी करायचे (ती कढई स्वयंपाकाला वापरू नका). डब्यात हवेतला दमटपणा मोजणारा छोटा हायग्रोमीटर आहे, तो ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला की मला झोप लागते.

सप्टेंबरमध्ये कासला भुरभुर चालू असताना तासभर पोटावर पडून सीतेची आसवं या फुलांचे फोटो काढले. निळ्या-जांभळ्या पाकळीवरचा थेंब सुद्धा नेमका फोकसमध्ये आला. कापलेल्या कडेला मात्र एक बारीक चीर गेलीय. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावलाय, तो पुढच्या जूनमध्ये टिकतो का ते बघायचं.